एकाच जनुकातून दोन प्रथिने कशी?

प्रश्न : आम्ही टॅक प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा भाग) असलेल्या प्लाझ्मिडमध्ये (जीवाणूत घालता येणाऱ्या डीएनएच्या वर्तुळात) एक जनुक घालून ई. कोलाय जीवाणूच्या जेएम१०९ या स्ट्रेनमध्ये (वाणात) त्याचे प्रथिन तयार केले. जनुकाच्या शेवटी टीएजी हा थांबा-कोडॉन (प्रथिनाची साखळी इथे संपवा, असे सांगणारी तीन अक्षरे) असून सहा हिस्टिडिनचा टॅग (प्रथिन ओळखण्यासाठीचा तुकडा) त्याच्या पलीकडे आहे. म्हणजे टॅग प्रथिनाला लागायलाच नको. तरीही प्रथिने आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर मुख्य पट्ट्याच्या किंचित वर एक फिकट पट्टा दिसतो, आणि हिस्टिडिन टॅगची अँटीबॉडी नेमकी त्यालाच चिकटते. प्लाझ्मिडचा क्रम तपासला, तो बिनचूक आहे. मग चूक कुठे झाली?

उत्तर : चूक प्लाझ्मिडमध्ये नसून स्ट्रेनच्या निवडीत आहे. जेएम१०९च्या जीनोटाइपमध्ये (जनुकीय ओळखीत) ‘सुप-ई४४’ अशी नोंद असते, आणि क्लोनिंगच्या घाईत ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. या उत्परिवर्तनामुळे ग्लुटामाइन हे अमिनो आम्ल वाहून आणणारा एक टीआरएनए यूएजी (टीएजीचे आरएनएमधले रूप) हा कोडॉनही वाचू लागतो. एरवी रायबोसोम (पेशीतले प्रथिन बांधणारे यंत्र) यूएजीपाशी आला की आरएफ-१ हे प्रथिन साखळी सोडवते. इथे मात्र दोघांत चढाओढ लागते, आणि टीआरएनएची सरशी होते तेव्हा थांब्याच्या जागी ग्लुटामाइन बसून साखळी पुढच्या थांब्यापर्यंत वाढते. तुमचा टॅग त्या वाढीव भागात आहे. सरशी किती वेळा होईल हे यूएजीनंतरच्या अक्षरावरही अवलंबून असते. तिथे ए किंवा जी असल्यास ही गळती (थांबा ओलांडला जाणे) सहसा वाढते.

एवढी गळती जीवाणूला सोसते, कारण त्याच्या चार हजारांहून अधिक जनुकांपैकी जेमतेम ३२१ यूएजीवर संपतात.

खात्री करण्यासाठी हेच प्लाझ्मिड बीएल२१सारख्या, सप्रेसर (थांबा-कोडॉन वाचणारा असा टीआरएनए) नसलेल्या स्ट्रेनमध्ये घालून दोन्ही नमुने एकाच जेलवर शेजारी चालवा; वरचा पट्टा नाहीसा झाला, तर निदान पक्के. स्ट्रेन बदलणे शक्य नसेल तर टीएजीच्या जागी टीएए घाला. त्याचा यूएए हा कोडॉन आरएफ-१ आणि त्याच्यासारखेच आरएफ-२ ही दोन्ही प्रथिने ओळखतात, शिवाय सुप-ई त्याला वाचत नाही. टीजीए या तिसऱ्या थांब्याचा मोह मात्र टाळावा, कारण ट्रिप्टोफॅनचा साधा टीआरएनएसुद्धा त्याला अधूनमधून फसतो.

एक सावधगिरी : प्लाझ्मिड फाज डिस्प्लेसाठीचे (जीवाणूंच्या विषाणूवर, म्हणजे फाजवर, प्रथिन दाखवण्याच्या तंत्रासाठीचे) असेल, तर प्रतिपिंडाचा (अँटीबॉडीचा) तुकडा आणि फाजच्या कवचातल्या प्रथिनाचे जनुक-३ यांच्यामध्ये टीएजी अनेकदा मुद्दाम ठेवलेला असतो. टीजी१सारख्या सप्रेसर स्ट्रेनमध्ये तो तुकडा फाजवर जोडून मिळतो आणि सप्रेसर नसलेल्या एचबी२१५१मध्ये सुटा. तिथला टीएजी ‘दुरुस्त’ केलात, तर फाजवर काहीच उरणार नाही.