वय ४२, ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनसाठी धावतो. बारबेलने (दोन्ही टोकांना वजनं लावायच्या लांब दांड्याने) वजन उचलायला सुरुवात करू का?

नक्की करा. मीही येऊरच्या चढावर धावणारा माणूस. पाय दमायच्या आधी माझी कंबर ढिली पडायची. स्क्वॉट (खांद्यावर दांडा घेऊन बैठका) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरचा दांडा उचलून उभं राहणं) सुरू केल्यावर काही महिन्यांत ते थांबलं. ताकद वाढली की त्याच वेगाला शरीराची ऊर्जा कमी लागते, धावणाऱ्याला याहून मोठं काय हवं?

आणि हे फक्त खेळापुरतं नाही. चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झडत जातात, हाडंही विरळ होतात. वजनाचा भार पडला की हाडांना घट्ट राहायची गरज भासते. काम करणारे स्नायू रक्तातली साखर खेचून घेतात, म्हणून घरात मधुमेह असेल तर हा व्यायाम टाळूच नका.

बारबेलची खरी सोय म्हणजे वजन अगदी थोडंथोडं वाढवता येतं. नुसता दांडाच २० किलोचा असतो (महिलांचा १५). पहिले काही दिवस तेवढाच घ्या, मग दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोची प्लेट. डेडलिफ्टमध्ये दांडा नडगीला जवळजवळ घासत वर आला पाहिजे. तो पुढे गेला की सगळा भार कंबरेवर येतो. हे शिकवणारा प्रशिक्षक शोधा, जिममधला एसी नंतर बघा.

आठवड्यातून दोन दिवस पुरेत. लांब धावण्याच्या आदल्या दिवशी मात्र स्क्वॉट नको. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि वजन उचलताना श्वास फार वेळ कोंडून धरू नका.