ब्रिस्केटला (बीफच्या छातीकडच्या तुकड्याला) चोळायचा कोरडा मसाला घरी कसा करावा?

मध्य टेक्सासची पद्धत सर्वात सोपी: जाडं मीठ आणि जाडसर कुटलेली काळी मिरी, बस. तिकडे बरेच जण दोन्ही समान मापाने घेतात. मी मात्र मीठ वजन करूनच घेते, कारण आपलं बारीक मीठ चमच्यात जास्त बसतं आणि मांस खारट होतं. किलोभर बीफला 15 ग्रॅम मीठ पुरतं. मिरी सढळ हाताने, ऐनवेळी कुटलेली. पूड नको, तिचा लेप होतो. लसूण पावडर हवी तर चिमूटभर.

मीठ आदल्या रात्रीच चोळा आणि मांस फ्रिजमध्ये उघडं ठेवा. मीठ आत मुरतं, वरचा भाग सुकतो, कवच सुरेख धरतं. मांस भाजायच्या आधी मिरी लावा. तेज आचेवर भाजणार असाल तर साखर अजिबात नको, लगेच करपते.