पिस्तुलाने चोरांना वचक बसेल का?

प्रश्न: आम्ही टेक्सासमधल्या एका उपनगरात राहतो. आमच्या रस्त्यावरची दोन भारतीयांची घरं फोडली, सोनं गेलं. तेव्हापासून यांचं एकच म्हणणं, घरात पिस्तूल असलं की चोरांना वचक बसतो. आता ग्रीन कार्डही हातात आलंय. मुलगा 14 वर्षांचा आहे. मला धास्ती वाटते, पण यांना पटवता येत नाही.

उत्तर: तुमच्या यजमानांची भीती खरी आहे, तिला आधी मान द्या. घरात सोनं असतं म्हणून भारतीयांची घरं हेरली जातात, असा इशारा अमेरिकेतल्या अनेक गावांच्या पोलिसांनी दिलेला आहे.

वचक बसतो हा दावाही हवेतला नाही. जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड या अमेरिकी अभ्यासकांनी 1997 मध्ये मांडलं, की जिथे लोकांना शस्त्र जवळ बाळगायची मोकळीक मिळाली तिथे हिंसक गुन्हे घटले. पण 2004 मध्ये नॅशनल रिसर्च कौन्सिल या अमेरिकेतल्या वैज्ञानिक सल्लागार संस्थेच्या समितीने ही सगळी आकडेमोड तपासली, तेव्हा त्यातून ना घट सिद्ध झाली ना वाढ. पुढे 2019 मध्ये जॉन डोनाह्यू हे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी वर्षांची आकडेवारी घेतली. अशा कायद्यांना 10 वर्षं झाल्यावर हिंसक गुन्हे 13 ते 15 टक्के जास्त असल्याचं त्यांना आढळलं. वाद अजून चालू आहे, पण माझ्या मते पारडं तुमच्या यजमानांच्या बाजूला झुकलेलं नाही.

आणि वचक बसायचा तर पिस्तूल आहे हे चोराला आधी कळायला हवं. बाहेरून तुमचं घर शेजारच्या घरासारखंच दिसतं. बरं, कळलंच, तर पिस्तूल हा त्याला हवाच असलेला माल आहे. केंद्रीय न्याय खात्याच्या 2003 ते 2007 च्या आकडेवारीत जेमतेम 28 टक्के घरफोड्यांच्या वेळी घरात कुणी होतं. म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही बाहेर, पिस्तूल कपाटात, आणि सोन्याबरोबर तेही जाणार.

मला खरी काळजी आहे ती तुमच्या मुलाची. अमेरिकेत 2022 मध्ये बंदुकीने सुमारे 48,000 माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. चौदाव्या-पंधराव्या वर्षी एखादी संध्याकाळ फार वाईट जाते. शाळेत कुणी छळलेलं असतं, मैत्री तुटलेली असते. ती संध्याकाळ सरते, मन सावरतं. पण बंदुकीने केलेले 10 पैकी सुमारे 9 प्रयत्न जीवघेणे ठरतात, सावरायला वेळच उरत नाही. ‘त्याला जागा ठाऊक नाही’ या भरवशावर राहू नका. टॉवेलखाली ठेवलेली वस्तू मुलांना सापडते आणि तिजोरीचा आकडा वाढदिवसाची तारीख असेल तर तो ती पहिल्या फेरीतच लावून बघेल.

तरीही घ्यायचं ठरलंच, तर गोळ्या काढून कुलपात, गोळ्या दुसऱ्या कुलपात, आणि आकडा मुलाला सुचणारच नाही असा. टेक्सासमध्ये भरलेलं शस्त्र निष्काळजीपणामुळे 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो मोठ्यांचा गुन्हा ठरतो. मुलगा गप्प गप्प राहू लागला तर पिस्तूल त्याच दिवशी घराबाहेर हलवा आणि 988 या मानसिक संकटातल्या मदतीच्या नंबरवर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो. भारतातून आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर आले, तर कौतुकानेसुद्धा त्यांच्या हाती देऊ नका. व्हिसावर तात्पुरत्या आलेल्यांना, एच-वन-बी वाल्यांनाही, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्याने शस्त्र बाळगायला मनाई आहे.

माझा सल्ला मात्र न घेण्याचाच. तेच पैसे दाराच्या भक्कम कुलपावर, अलार्मवर घाला. सोनं बँकेच्या लॉकरमध्ये न्या, आणि सुट्टीचे फोटो परत आल्यावरच टाका.

एक काम मात्र पिस्तूल घेतलं तरी, नाही तरी करायचंच. मुलगा मित्राकडे राहायला जाणार असेल, तर त्याच्या आईला आधी विचारा, ‘तुमच्याकडे बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का?’ अ‍ॅलर्जीबद्दल विचारतो तितक्याच सहज विचारा. इथे बऱ्याच आया विचारतात, सहसा कुणी वाईट वाटून घेत नाही.