प्रश्न: दुबईत माझे फिलिपिनो सहकारी प्रत्येक पार्टीत इंग्रजी गाणीच गातात. त्यांना स्वतःचं संगीत नाही का?

आहे, भरपूर आहे. मी 18 वर्षं जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यातली बरीचशी फिलिपिनो क्रूबरोबर.

आमचा एक बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, फिलिपीन्समधल्या इलोइलोचा होता. शनिवारी मेसरूममध्ये कराओके लागला की जुनी इंग्रजी प्रेमगीतं म्हणायचा आणि मशीनने नव्वदच्या वर मार्क दिले की खूश व्हायचा. एका नाताळात आम्ही बंदराबाहेर नांगर टाकून होतो, फोनला रेंज नाही. रात्री त्याने मशीन बंद केलं आणि गिटारवर 'अनाक' धरलं. फ्रेडी आगिलार या फिलिपिनो गायकाचं 1978 चं गाणं, टागालोग या तिथल्या मुख्य भाषेतलं. अनाक म्हणजे आपलं 'लेकरू'च, मुलगा की मुलगी ते शब्दात कळत नाही. तू झालास तेव्हा आई रात्री दूध करायला उठायची, सकाळी बाप मांडीवर घेऊन हरखायचा, असं त्यात आहे. त्या बापाच्या ओळीला बोसनचा हात तारांवरच थांबला. स्वतःची लेक त्याने सात महिन्यांची झाल्यावर पहिल्यांदा पाहिली होती. पुढची ओळ चीफ कुकने उचलली, गॅलीच्या म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघराच्या दारातून, हातात ओला फडका. बोसन घरी हिलिगायनोन बोलणारा, कुक सेबुआनो. टागालोग दोघांचीही मातृभाषा नाही, पण गाणं दोघांचं.

सुट्टीवर आल्यावर पंक्तीत हे सांगितलं तर आमचे दाजी म्हणाले, "नकलाकार लोक ते." मी गप्प बसलो, ते अजून सलतं. दाजी, तिथे 1898 पासून जवळजवळ अर्धं शतक अमेरिकेचं राज्य होतं, शाळा इंग्रजीतून. इंग्रजी गाणं त्यांनी आजोबांकडून ऐकलंय. गोव्याच्या वादकांनी व्हायोलिन, ट्रम्पेट घेऊन मुंबईत हिंदी सिनेमाचे ऑर्केस्ट्रा उभे केले, त्यांना तुम्ही नकलाकार म्हणाल? आणि 1987 मध्ये फिलिपीन्सच्या सरकारने हुकूमच काढला की रेडिओवर तासाला किमान चार गाणी फिलिपिनो लागलीच पाहिजेत. आपल्याकडे मराठीसाठी एवढं करायला कोण धजतं?

हे सगळं मी जहाजावरचं सांगतोय. अमेरिकेत वाढलेल्या पोरांचं वेगळं असणार. तिथे ब्लॅक आयड पीज या अमेरिकन बँडमधल्या फिलिपिनो ॲपल डी ॲपने 2005 मध्ये 'बेबोट' टागालोगमध्ये गायलं, तेही ऐका.

सहकाऱ्यांना 'ओपीएम' लावा म्हणा, म्हणजे त्यांचं स्वतःचं पॉप. 'अनाक'ची फर्माईश मात्र करू नका. ज्याची पोरं तिकडे आहेत त्याला चारचौघांत ते गायला लावू नये. आपण होऊन गायला लागला, तर हातातली प्लेट खाली ठेवा.