बेसिनचा नळ पहिल्यांदाच बसवताना
तुम्ही नळ स्वतः बसवायचे ठरवले, याचा आनंद वाटला. हे काम नवशिक्यालाही जमण्याजोगे आहे. बेसिनखालचा अँगल कॉक (भिंतीतून नळाकडे जाणारे पाणी बंद करणारा छोटा व्हॉल्व्ह) बंद केल्यावर जुन्या नळाची धार पूर्ण थांबते का, हे आधी पाहा. थांबत नसेल, तर गच्चीवरील टाकीचा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय पान्याला हात लावू नका. अँगल कॉकही बदलावासा वाटला, तरी ते काम सध्या राहू द्या.

सुरुवातीला हमखास होणाऱ्या चुका अशा:

- जुना कनेक्शन पाईप (अँगल कॉकपासून नळापर्यंत पाणी नेणारी नळी) पुन्हा वापरणे. नवा घ्या, अर्धा इंची आटे आणि लांबी मात्र मोजून घ्या.
- या पाईपाच्या नटमध्ये रबरी वॉशर असतानाही टेफ्लॉन टेप (आट्यांवर गुंडाळायची पातळ पट्टी) गुंडाळणे. तेथे पाणी वॉशर अडवतो, टेप नव्हे.
- नट जोर लावून आवळणे. हाताने घट्ट केल्यावर पान्याने पाव फेरा पुरतो. अधिक आवळल्यास वॉशर चिरडतो आणि गळती तेथूनच सुरू होते.

पाईपाचे वरचे टोक नळाला जोडण्यापूर्वी ते बादलीत धरून पाणी थोडा वेळ वाहू द्या, कारण लाईनमधील गंज व वाळू नव्या नळाच्या जाळीत अडकते. शेवटी सांध्यांखाली कोरडा कागद ठेवून तासाभराने तपासा.