समुद्राच्या भिंतीतली बिऱ्हाडे

प्रश्न : समुद्र पाहण्याचा योग आम्हाला गेल्या दिवाळीत मुंबईत आला. मरीन ड्राइव्हच्या कठड्याखालील टेट्रापॉडांच्या (लाटा अडवणाऱ्या चार पायांच्या काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) सांदीत खेकडे दिसले, पण दुसऱ्या एका ठिकाणच्या गुळगुळीत उभ्या भिंतीवर जवळजवळ काहीच नव्हते. माझा मुलगा नांदेडला स्थापत्य अभियांत्रिकी शिकतो. शहराला राखणारी भिंत जलचरांनाही राहता येईल अशी बांधता येते का, असे तो विचारतो.
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : बांधता येते, आणि त्यामागचे तत्त्व आपल्याकडच्या जुन्या विहिरींत दिसते. दगडावर दगड रचून बांधलेल्या विहिरीच्या फटींत पारवे घरटी करतात, बेडूक राहतात, झुडपे उगवतात; सिमेंटने लिंपलेल्या विहिरीत त्यांना थारा मिळत नाही. खडकाळ किनाऱ्यावरही ओहोटीच्या वेळी खळग्यांत पाणी साचून राहते, कपारींत ओल व सावली टिकते, आणि त्यांच्या आधारावर कालवे (खडकाला चिकटून राहणारे शिंपले), गोगलगायी, शेवाळ व लहान मासे पुढची भरती येईपर्यंत तग धरतात. गुळगुळीत भिंत मात्र ओहोटीत तापते आणि कोरडी पडते. शिवाय उतरत्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीचा जो पट्टा दूरवर पसरलेला असतो, तो उभ्या भिंतीवर काही मीटरांत आटोपतो.

सिडनीत २०१८ पासून ‘लिव्हिंग सीवॉल्स’ या उपक्रमात जुन्या भिंतींवर काँक्रीटचे षट्कोनी फलक बसवले जातात. काहींत पाणी धरणारे खळगे, तर काहींवर खारफुटीच्या मुळांसारखे उंचवटे असतात. अमेरिकेतील सिएटल शहराने २०१७ मध्ये पूर्ण केलेल्या भिंतीचा विचार मला अधिक मोलाचा वाटतो, कारण तो एका माशाच्या वाटचालीपासून सुरू झाला. सामन माशाची पिल्ले काठाच्या उथळ पाण्यातून समुद्राकडे जातात आणि धक्क्यांखालच्या गडद सावलीत शिरायचे टाळतात. म्हणून तेथे पाण्यावर आलेल्या पदपथात काचेचे ठोकळे बसवून खाली उजेड पोहोचवला, आणि भिंतीला खडबडीत पृष्ठभाग व कप्पे दिले.

तरीही असे फलक मूळ किनाऱ्याची जागा घेऊ शकत नाहीत, हे मुलाला अवश्य सांगावे. मुंबईत किनारी मार्गासाठी वरळी व हाजी अली येथील प्रवाळ २०२० मध्ये दुसरीकडे हलवावे लागले. जेथे खाजण (भरतीच्या पाण्याची दलदल) आणि तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे, शाबूत आहेत तेथे भिंत खरोखर हवी का, हा प्रश्न आराखड्याच्या आधी विचारला पाहिजे.

अभ्यासाला आरंभ करण्यासाठी समुद्रापर्यंत जाण्याची गरज नाही. उन्हाळ्यात नांदेडला गोदावरीचे पाणी उतरले की जुन्या दगडी पायऱ्यांचे सांधे आणि नव्या काँक्रीटचा पृष्ठभाग शेजारी शेजारी तपासून, गोगलगायी व शिंपले कोठे आढळतात याची त्याने नोंद करावी. नदीला तेथे भरती-ओहोटी नसते, पाणी पावसावर आणि धरणातून सोडण्यावर चढते-उतरते. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत त्या दिवशीची पाणीपातळीही लिहावी.