खजिनदारकी गेली, आता देवाला माझं काय काम?

प्रश्न: ताई, मी भुसावळचा, रेल्वेतून रिटायर झालोय, वय ६८. चर्चची खजिनदारकी कित्येक वर्षं माझ्याकडे होती, आता एका तरुण पोराला दिली, तो सगळा हिशोब मोबाईलवरच करतो. मुलं पुण्याला. बायको म्हणते, घरात बसून नुसते टोकत असता. रविवारी उपासनेत मागच्या बाकावर बसतो, प्रार्थनेत मन लागत नाही, वाटतं देवाला आता माझं काही कामच उरलं नाही. काय करावं?

उत्तर: भाऊ, सलाम. राग मानू नका, पण तुम्हाला दुःख आहे खजिनदारकी गेल्याचं आणि नाव घेताय देवाचं. बायबलातलं गणना ८ काढून वाचा, लेव्यांनी, म्हणजे देवाच्या मंडपात सेवा करणाऱ्या वंशातल्या पुरुषांनी, ५० वर्षं झाली की सेवेतून मोकळं व्हायचं, जड काम बंद, पण दर्शनमंडपात (देवाच्या उपासनेच्या तंबूत) भावांना मदत करायची. म्हणजे रिटायरमेंट शास्त्रातच आहे, रेल्वेवाल्यांना उलट दहा वर्षं जास्तच मिळाली :)

म्हातारपणावर प्रवचन म्हटलं की सगळे कालेबाला पकडतात, ८५ व्या वर्षी डोंगराळ मुलूख मागणारा. असेल. मला तर बर्जिल्लय जास्त आवडतो (२ शमुवेल १९), ८० वर्षांचा माणूस, दावीद राजा जीव वाचवून पळत होता तेव्हा यानेच त्याला खाऊपिऊ घातलेलं, आणि आता राजा म्हणतोय चल यरुशलेमला, मी सांभाळतो, तर हा म्हणतो मला जेवणाची चव कळत नाही, गाणं ऐकू येत नाही, मी कशाला उगाच ओझं, मला माझ्या गावातच मरू द्या, हा किम्हाम आहे, माझ्याऐवजी याला न्या. असं म्हणायला पण छाती लागते. तुमच्या त्या पोराला कोणत्या घरी वर्गणी मागायची नाही, कारण तिथे चूलच कशीबशी पेटते, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? पण त्याने विचारल्यावर हां. दर रविवारी हिशोब तपासायला जाऊ नका.

आणि कामच पाहिजे ना, तर नोव्हेंबरात हयातीचे दाखले असतात. मंडळीतल्या किती बाया रेल्वेच्या फॅमिली पेन्शनवर आहेत ते तुम्हाला तोंडपाठ असेल. वयामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत, बँकेत चकरा मारून बिचाऱ्या थकतात, आता चेहरा दाखवून मोबाईलवर पण जीवन प्रमाण, म्हणजे तोच हयातीचा दाखला, निघतं, ८० च्या वरच्यांना तर ऑक्टोबरपासूनच देता येतं. ते काढायला त्याच पोराकडून शिकून घ्या, त्याला पण बरं वाटेल.

प्रार्थनेचं म्हणाल तर ७१ वं स्तोत्र मोठ्याने वाचा. तोही म्हातारा देवाकडे गाऱ्हाणंच घालतोय, केस पिकलेत, आता सोडू नको म्हणतोय, आणि पुढच्या पिढीला तुझं सामर्थ्य सांगेपर्यंत तरी थांब असं पण म्हणतोय. तुमचं हे पत्र देवाला वाचून दाखवलंत तरी प्रार्थना झाली, वेगळे शब्द शोधत बसू नका.

वहिनी म्हणतात त्यात मात्र तथ्य असणार. रोज कोणाकडे तरी जाऊन येत जा, फक्त मे महिन्यात दुपारचं नको, भुसावळचं ऊन तुम्हाला मी काय सांगू, सहानंतरच निघा.